गुळगुळीत कागदावरचा आमदार

निवडणूक जवळ आली की वस्तीत दोन गोष्टी येतात. एक पाण्याचा टँकर आणि दुसरा कार्य अहवाल. टँकर रिकामा झाला की निघून जातो. अहवाल मागं राहतो. कागद जाड, गुळगुळीत, चार रंगांत छापलेला. फडताळात अंथरायला बरा पडतो.

पहिल्या पानावर बाबासाहेब. त्यांच्यापेक्षा दुप्पट मोठे आमदारसाहेब. खाली 'आपला सेवक'. आत काय? कमान. सभामंडप. पेव्हर ब्लॉक. हायमास्ट दिवा. शिलाई मशीन वाटप, चष्मे वाटप, वह्या वाटप. विहाराला फरशी. प्रत्येक फोटोत साहेब देतायत आणि आपलं माणूस वाकून घेतंय. सगळी पानं उलटा, क्रियापद एकच. दिलं, दिलं, दिलं.

दोस्तहो, मी असल्या पुस्तिका जमवतो. नगरसेवकाच्या, आमदाराच्या, खासदाराच्या. दहावीला शाळा सुटली, सूतगिरणीत लागलो, तेव्हापासून जो छापील कागद हाती पडेल तो वाचत आलोय. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाय. या पुस्तिकांत मी एक क्रियापद शोधतो. 'विचारलं'. साहेबांनी सरकारला अमुक विचारलं, सरकारनं तमुक उत्तर दिलं, ते खोटं निघालं म्हणून परत विचारलं. असं एक पान मला आजवर मिळालं नाय. सगळ्या पक्षांच्या पुस्तिका धरून सांगतो. निळ्या कापडात गुंडाळलेल्यासुद्धा.

आधी या 'दिलं'चा निकाल लावू. खासदार निधीची योजना १९९३ पासून आहे. २०११-१२ पासून एका खासदारामागं वर्षाला ५ कोटी. हे पैसे खासदाराच्या हातात येतच नाहीत. तो फक्त काम सुचवतो, खर्च जिल्हा प्रशासन करतं. आणि यातले निदान १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवावेत असं योजनेतच लिहिलेलं आहे. आमदार निधीचंही तेच. पैसा सरकारी तिजोरीतला. तिजोरी कुणी भरली? काडेपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत कर भरणाऱ्या तुमच्या माझ्या आईनं. मग फोटोत वाकायचं कुणी? स्वतःच्या खिशातनं दिलं असतं तर हात जोडले असते. आपलेच पैसे आपल्याला देऊन वर पाटी लावतात, 'यांच्या सौजन्याने.' सौजन्य कसलं, आं?

तर मग आमदार असतो कशासाठी?

याचं उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवलंय. ४ नोव्हेंबर १९४८. घटनेचा मसुदा घटना समितीपुढं मांडताना ते सांगतात की अमेरिकेच्या पद्धतीत सरकार टिकाऊ असतं, आपण घेतलेल्या संसदीय पद्धतीत सरकार जबाबदार असतं. दोन्ही पुरतेपणी मिळत नाहीत. आपण जबाबदारीला जास्त मान दिला. आणि जबाबदारीची तपासणी दोनदा होते. एक मुदतीची, ती मतदार निवडणुकीत करतो. दुसरी रोजची, ती सभागृहातले सभासद करतात. प्रश्न विचारून, ठराव आणून, तहकुबी मांडून, अविश्वास मांडून, अभिभाषणावर बोलून. रोजची तपासणी ही मुदतीच्या तपासणीपेक्षा जास्त परिणामकारक आणि भारतासारख्या देशात जास्त गरजेची आहे, असं त्यांचं म्हणणं.

हे नीट समजून घ्या. मतदाराला पाच वर्षांतनं एकदा तपासायला मिळतं. मधले अठराशे दिवस तपासायचं काम आपण ज्याला पाठवलं त्याचं. कमान बांधायला ठेकेदार पुरे. त्याला विधानसभेत धाडायची गरज नाय.

आमच्या रिंगखात्यात साच्याला हँक मीटर असतं. पाळी संपली की जॉबर मीटर बघतो, आकडा वहीत चढवतो. त्याला मी सांगू शकत नाय की बाबा, आज मी साचा पुसला, चौघांना तंबाखू दिली, देवळाला पाच रुपये वर्गणी दिली. तो म्हणेल, सूत किती निघालं ते बोल. आमदाराच्या मीटरवर काय दिसलं पाहिजे? तारांकित प्रश्न किती विचारले. उत्तर गोल आलं तेव्हा उपप्रश्न विचारला का. लक्षवेधी किती लावल्या. मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन मुदतीत पुरं झालं नाही तर आश्वासन समितीकडं गेला का. अनुसूचित जाती कल्याण समितीवर असेल तर कोणत्या खात्याची झडती घेतली. कॅगनं सरकारच्या खर्चावर बोट ठेवलं तेव्हा हा कुठं होता. हे सूत. बाकी सगळं साचा पुसणं.

आणि तपासणारा गप्प बसला की सरकार तपासणीच बंद करतं. २०२० च्या सप्टेंबरात संसदेच्या पावसाळी अधिवेशनात कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला. आपले सफाई कामगार त्याच दिवसांत रोज रस्त्यावर होते, दवाखान्याचा कचरा उचलत होते. त्यांना नव्हती सुट्टी. प्रश्नाला मात्र सुट्टी.

कुणी म्हणेल, विचारून काय होतं? कायदा केला की झालं. त्यांच्यासाठी महाड.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव पास करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. पुढं महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं. ओंजळ मात्र कोरडी. आजचा आमदार असता तर १९२३ सालीच अहवाल छापून मोकळा झाला असता, 'पाणवठे खुले केले', आणि खाली फोटो. बोल्यांनी तसं केलं नाय. १९२६ च्या ऑगस्टात ते परत उठले आणि दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान थांबवा. मित्रांनो, देखरेख म्हणतात ती ही. आपण काय करून घेतलं ते सांगून थांबायचं नाही. त्याचं काय झालं ते विचारायचं, आणि नाही झालं तर नाडी कुठं दाबायची ते शोधायचं.

तरी तळं उघडलं नाय. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली, पाणी प्याली, डोकी फुटली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला. खटला चालला दहा वर्षं. १९३७ च्या मार्चात हायकोर्टाचा निकाल आला. कायदे कौन्सिलचा ठराव ते हायकोर्टाचा निकाल, चौदा वर्षं. ठराव आणि पाणी यांच्यामधली ही चौदा वर्षं कोणत्याच कार्य अहवालात येत नाहीत.

आता आजच्याकडं या. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम. किती जणांनी नियम वाचलेत? नसतील तर आज वाचा. नियम १६ सांगतो, राज्याची उच्चाधिकार दक्षता व नियंत्रण समिती, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री, वर्षातनं निदान दोन बैठका, जानेवारीत आणि जुलैत. नियम १७ सांगतो, जिल्ह्याची समिती, अध्यक्ष कलेक्टर, तीन महिन्यांतनं निदान एक बैठक. आणि जिल्हा समितीचे सभासद कोण? जिल्ह्यातले निवडून आलेले खासदार आणि आमदार. म्हणजे आपले साहेब बाहेरचे नव्हेत. त्या टेबलाभोवती त्यांची खुर्ची कायद्यानंच मांडून ठेवलीय. किती गुन्हे दाखल झाले, तपास किती दिवसांत झाला, पीडिताला पैसे मिळाले का, कुठल्या पोलीस अधिकाऱ्यानं टाळाटाळ केली, हे त्यांनी तिथं विचारायचं. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा आहे, सहा महिने ते एक वर्ष.

पाच वर्षांत जिल्ह्याच्या बैठका निदान वीस. आता अहवाल उघडा आणि बैठकीची एक तारीख शोधून दाखवा. वाढदिवसाची तारीख आहे. हळदीकुंकवाची आहे. या समितीच्या एका बैठकीची तारीख माझ्याकडच्या एकाही पुस्तिकेत नाय.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चार जीव. गावानं मारलं, आणि न्यायालयात ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाय. २००८ ला खालच्या कोर्टात नाही, २०१० ला हायकोर्टात नाही. कलम तपासात आणि कागदात जगतं किंवा मरतं. तो तपास, तो कागद रोज बघणारा माणूस पाहिजे म्हणून तर या समित्या घातल्या. माणूस मेल्यावर भेट द्यायला येणारा, फोटो काढून जाणारा आमदार आपल्याला पुष्कळ मिळाला. एफआयआर लिहिली जात असताना ठाण्यात फोन करणारा आणि तीन महिन्यांनी कलेक्टरच्या टेबलावर तीच फाईल मागणारा किती वस्त्यांनी पाहिला?

आता पैशाकडं. सहाव्या योजनेच्या वेळेपासून, १९७९-८० पासून, अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली. पुढं तिला उपयोजना म्हणू लागले. तत्त्व साधं. लोकसंख्येत जेवढा वाटा तेवढा बजेटात. महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीप्रमाणं आपण ११.८ टक्के. हा पैसा दुसरीकडं वळवू नये म्हणून आंध्र प्रदेशानं आणि कर्नाटकानं २०१३ मध्ये कायदे केले. महाराष्ट्रात ही मागणी वर्षानुवर्षं मोर्च्यांतनं फिरली.

२०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल खेळ झाले. दिल्ली सरकारनं उपयोजनेतले सहाशे कोटींहून जास्त रुपये तिकडं वळवले. आपल्या पोरांचा पैसा स्टेडियमात. माहितीच्या अधिकारात कागद निघाले, राज्यसभेत प्रश्न झाला, आणि तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम यांना सभागृहात मानावं लागलं की हे चूक झालं. बघा, विचारलं की मानावं लागतं. आपलं सरकार फार भलं असतं म्हणून नाही. सभागृहात खोटं बोलणं अवघड जातं म्हणून.

आणि २०२५ च्या मे महिन्यात आपल्या महाराष्ट्रात काय झालं? सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडं वळवले गेले. ही ओरड विरोधकांच्या आधी त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीरपणे केली. बचाव काय केला गेला? तर त्या योजनेत मागासवर्गीय बायासुद्धा आहेत. हा बचाव ऐकून माझं डोकं फिरलं. माझ्या आईला महिन्याला दीड हजार मिळतात ते राज्यातल्या इतर बायांसारखेच, त्याच अटींवर. इतर बायांचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतनं, आणि माझ्या आईचे तिच्याच लेकीच्या शिष्यवृत्तीच्या खात्यातनं? उजव्या हातात दिलं, डाव्या खिशातनं काढलं, आणि फोटो उजव्या हाताचा छापला.

शिष्यवृत्तीचं मी उगाच बोलत नाय. माझ्या बहिणीची दोन वर्षं अडकली. कॉलेज म्हणायचं ऑफिसात विचार, ऑफिस म्हणायचं कॉलेजात विचार. फी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देईनात. आईनं गळ्यातला डाग सोनाराकडं टाकला. तो अजून सुटला नाय. त्याच वर्षी आमच्या भागातल्या साहेबांनी वह्या वाटल्या. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर त्यांचा फोटो. बहिणीला मिळाली एक. मला त्या वहीचा राग नाय. माझा प्रश्न एवढाच आहे की शिष्यवृत्ती का अडकली, कुठल्या टेबलावर अडकली, हे विधानसभेत विचारायला किती पैसे लागतात? एक रुपया लागत नाय. वहीला लागतात.

आता उत्तर कसं असतं ते बघा. म्हणजे उपप्रश्न का लागतो ते कळेल. २०२१ चा फेब्रुवारी. संसदेत सरकारनं सांगितलं, पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी २८ जुलैला राज्यसभेत प्रश्न आला, हातानं मैला साफ करताना किती मेले? उत्तर, असा एकही मृत्यू नोंदलेला नाही. ३४० मढी पाच महिन्यांत कुठं गेली? कुठं नाय गेली. २०१३ च्या कायद्यात कोरडा मैला हातानं उचलणं वेगळं आणि गटारात उतरणं वेगळं. सरकारनं व्याख्येचं झाकण उचललं, मढी आत ढकलली, झाकण लावलं. उत्तर देणारे राज्यमंत्री रामदास आठवले. पँथरच्या चळवळीतनं वर गेलेले, आपलेच. म्हणून मुद्दाम नाव लिहितो. उत्तर देणारा आपला आहे म्हणून प्रश्न थांबवायचा नसतो. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूमागं १० लाख द्यायला सांगितलं, २०२३ च्या ऑक्टोबरात रक्कम ३० लाख केली. आपल्या शहरात किती मेले, किती घरांना किती मिळाले, कुठल्या ठेकेदारावर गुन्हा नोंदला, हे ज्या आमदाराच्या अहवालात नाही त्याच्या कमानीखालनं मला चालावंसं वाटत नाय.

त्यांच्या सबबीही ठाऊक आहेत. पहिली, पक्षाचा व्हिप असतो. खरंय. १९८५ च्या पक्षांतरबंदीनं मतदानाला दोरी बांधली. पण व्हिप मोडला म्हणून सभासदकी जाते ती मतदानात. उपयोजनेचा हिशेब विचारला म्हणून कुणाची गेलेली नाय. दुसरी, आम्ही सत्तेतले. मग काय झालं? मंत्री सोडून बाकी सगळ्या सभासदांना प्रश्न विचारता येतो, सत्तेतल्या असो की विरोधातल्या. तिसरी, मी एकटा काय करणार. एकटा कसा? विधानसभेच्या २८८ जागांत २९ अनुसूचित जातींसाठी राखीव. लोकसभेच्या ४८ त ५. एकोणतीस जण एका दिवशी एकच प्रश्न घेऊन उभे राहिले तर मंत्र्याच्या कपाळाला घाम सुटेल. ते उभे राहत नाहीत, कारण त्यांना निवडून फक्त आपण देत नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानं ही गाठ मारून ठेवलीय. तिकीट पक्षाचं, बहुमत इतरांचं, राखीव जागा आपली. म्हणून त्याची मान वर, पक्षाकडं. ती खाली वळवायची तर खालनं हाक मोठी पाहिजे.

आणि 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या' म्हणणाऱ्यांना एक सांगतो. १९२८ चा मुंबईचा गिरणी संप. कापडखात्यात धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, विटाळ होतो म्हणून अस्पृश्याला तिथं घेत नसत. पगार मात्र तिथंच जास्त. बाबासाहेबांनी मालकांना जाब विचारलाच, पण संपाच्या पुढाऱ्यांनाही विचारला, कामगारांच्या मागण्यांत ही मागणी का नाही? कामगार कामगार भाऊ म्हणून गप्प बसले नाहीत. आणि स्वतःचा हिशेब? २७ सप्टेंबर १९५१ ला कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरात सभागृहात निवेदन करायला उठले, तर आधी प्रत द्या म्हणून अडवलं. ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. हिंदू कोड बिलाचं काय झालं, अनुसूचित जातींकडं सरकारनं कसं दुर्लक्ष केलं, मंत्रिमंडळात काम कसं चालतं, सगळं मुद्देसूद. लोकप्रतिनिधीचा अहवाल असा असतो. त्यात एका कमानीचा फोटो नाय.

आता आपल्याकडं बोट. जयंतीच्या वर्गणीची पावती घेऊन साहेबांच्या बंगल्यावर पहिलं कोण जातं? आपली पोरं. डीजेला पैसे घेतले की पुढची पाच वर्षं तो हात प्रश्न विचारायला वर होत नाय. वर्गणी आपसात काढा. डीजे नसला तरी जयंती होते.

आणि एक कागद तयार करा. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाखेत. त्यावर पाच प्रश्न. दक्षता समितीच्या किती बैठकांना तुम्ही हजर होता, तारखा सांगा. उपयोजनेचा आपल्या जिल्ह्यातला किती पैसा आला, किती खर्चला, किती परत गेला. शिष्यवृत्तीचे किती अर्ज कुठं अडकलेत. गटारातल्या मृत्यूंची नुकसानभरपाई कुणाला मिळाली. आणि यांतलं तुम्ही सभागृहात काय विचारलं. कागद साहेबांच्या हातात द्या, पोच घ्या. बरोबरीनं २००५ च्या माहिती अधिकारात तेच कलेक्टर कचेरीत मागा. दहा रुपयाचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमानं अर्ज दीडशे शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय, म्हणजे पाच प्रश्नांना पाच अर्ज. लिहिता येत नसेल त्यानं लिहिणाऱ्याला धरावं. दोन्ही उत्तरं आली की शेजारी शेजारी विहाराच्या फलकावर लावा. उत्तर नाही आलं तर कोरा कागद लावा, वर तारीख घाला. पुढच्या निवडणुकीला साहेब आले की त्यांना चहा द्या आणि फलकापुढं उभं करा.

अहवालाच्या शेवटच्या पानावर सगळे एकच लिहितात, 'आपला आशीर्वाद असू द्या.' साहेब, आम्ही आशीर्वाद देणारे भट नाही. आम्ही मतदार आहोत. मीटर बघायला आलोय. सूत किती निघालं ते बोला.

जयभीम.